खरखर

रात्री साडेनऊला, जेवणं उरकली की
आमचा ग्रुप जागा होतो.
नाव : जुने रेडिओ, उदगीर आणि आसपास.
सभासद एकोणचाळीस. ॲडमिन मी.
दिवसभर वीज कंपनीच्या खिडकीत
लोकांची चुकलेली बिलं दुरुस्त करते,
रात्री कंडेन्सर बदलते.

पहिला फोटो बहुधा मन्मथ बिडव्यांचा, अहमदपूरहून :
लाकडी खोकं, तीन बँड, काचेला तडा.
"भंगारात साडेतीनशेला घेतला. कसा वाटायलाय?"
एकवीस अंगठे.
मग निलंग्याहून सत्यशीला मॅडम :
"मागचा पुठ्ठा ओरिजिनल नाही, सर."
मॅडम पाचवीचा वर्ग घेतात.
त्या पोरांची मला काळजी वाटते.

खाजा मोईन लिहीत नाहीत. बोलतात.
दोन-दोन मिनिटांचे आवाज पाठवतात,
मागं पंखा, मागं बकरी, मागं कुणीतरी
कप आपटल्याचा आवाज,
आणि मधून ते :
"देखो, पैले मीटर नक्को. पैले कान लगाओ.
भिनभिन असंल तर फिल्टर गेलाय.
खरखर असंल तर कुठंतरी टाका सुटलाय.
रेडिओ खराब नसतो. टाका सुटतो."

नियम वरच लिहिलाय, ठळक अक्षरांत :
इथे राजकारण नको.
पण ते काय दार वाजवून येतं?
आमच्याकडं ते व्हॉल्व्हच्या भावातून आलं.
उत्तरेश्वर म्हणाला, माल लई महाग झालाय.
कुणीतरी विचारलं, कुणामुळं?
झालं.
मग नगरपालिका, मग वॉर्ड,
मग नळाला बारा दिवसांनी येणारं पाणी आणि ते कुणाचं पाप,
मग "ह्या लोकांना" अशी सुरुवात असलेला
एक लांबलचक मजकूर,
कितीदा तरी पुढं ढकललेला,
ज्याला लिहिणारा हातच नव्हता.
पाठवणारा उत्तरेश्वर.
चांगला पोरगा आहे. माझ्या आईच्या रेडिओला
डायलचा दोरा त्यानंच ओवून दिला होता,
सुईत ओवावा तसा, जीभ बाहेर काढून.

मी टाइप केलं. पुसलं.
परत टाइप केलं.
गॅसवर दूध उतू गेलं.
तोवर खाली, करड्या बारीक अक्षरांत :
खाजा मोईन ग्रुपमधून बाहेर पडले.

तीन दिवस नुसती फुलं. शुभ सकाळ. वाफाळता चहा.
चौथ्या रात्री उत्तरेश्वर :
"वडिलांचा रेडिओ खरखरायलाय.
सगळे कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलला. काय करावं?"
सगळ्यांनी सगळं सांगितलं.
बिडव्यांनी तर गोल करून फोटो पाठवला,
चुकीच्या जागी.
मग मॅडमनी लिहिलं,
"हे खाजाभाईंना विचारायचं असतं."
त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही.
वर 'टायपिंग' दिसायचं, जायचं.

मी त्याला वेगळा मेसेज केला :
चौबाऱ्याजवळ दुकान आहे. रेडिओ उचल आणि जा.
फोनवर नको.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

शनिवारी, बिलांच्या गर्दीत,
माझ्या नंबरवर खाजाभाईंचा आवाज आला. एक्केचाळीस सेकंद.
एक शब्द नाही त्यांचा.
आधी खरखर. मग पेचकसाची टकटक.
मग एकदम, धुतल्यासारखं स्वच्छ,
परभणी केंद्रावरून तुरीचे भाव.
आणि मागं, लांब, एक ओळखीचा घोगरा आवाज :
"नको. बरं, अर्धा."

खिडकीतला माणूस म्हणाला, ताई, बिल बघायलात की रेडिओ ऐकायलात?

खाजाभाई ग्रुपात परत आलेले नाहीत.
लिंक पाठवली होती. एकदाच.
सभासद अडतीस.

काल झोप नव्हती, म्हणून
बोटानं मागं मागं सरकत गेले,
ते पहिलं वाक्य शोधत,
जिथून टाका सुटला.
सापडलं.
कुणामुळं?
वेळ रात्री दहा वाजून चार मिनिटं.
बाजूला फोटो माझा,
हातात सोल्डरिंगची बंदूक, हसायलेय.